डोक्यातल्या आवाजाची लेखी तक्रार

ठाकुर्ली
२७ जानेवारी २०२५

दौलत,

एकोणीस वर्षांचे नमस्कार साठले आहेत. ते एकदम घे, सुटे देत बसत नाही.

मी नाथा. अक्षर ओळखलं असशील, गॅरेजच्या तक्रारवहीत रोज बघायचास. तुझा माजिवड्याचा पत्ता ऋतिकाने काढून दिला. ऋतिका म्हणजे माझी नात. ती खोपटला एका ऑफिसात कामाला जाते आणि ठाण्यातलं कोण कुठे राहतं ते तिला मोबाइलवर दिसतं.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. आपलं बोलणं बंद आहे म्हणून. लिहिणंही बंद, असं काही ठरलेलं मला आठवत नाही. शिवाय महिपतशेठच्या गॅरेजात मी एक गोष्ट पक्की शिकलो, की तोंडी तक्रार ही तक्रार नसते. आवाज येतो म्हटलं की फोरमन वर न बघता म्हणायचा, लेखी द्या. तेव्हा लेखी देतो.

तीन जानेवारीला मी गच्चीत टाकीच्या शिडीवरून पडलो. टाकी गळत होती. थेंबाचा आवाज घरात कोणालाच येत नव्हता, मला येत होता, म्हणून वर चढलो. पाठ कठड्यावर आपटली, दोन बरगड्या मोडल्या आणि डावं फुप्फुस बसलं. टायर बसतो तसं. दवाखान्यात छातीत नळी घालून हवा ओढून काढली आणि आठवड्याने घरी सोडलं. टाकी खरंच गळत होती. दिपेशने नंतर वॉल्व्ह बदलून घेतला, पण ते तो कोणाला सांगत नाही.

सोडताना डॉक्टर म्हणाले, फुप्फुस फुलायला रोज दहा-बारा फुगे फुगवा. मी चाळीस फुगवतो. सांगितलेल्या कामात कमी पडायची मला सवय नाही. आमच्या हॉलमध्ये आता पाहुण्याला बसायला जागा नाही.

आता तक्रार. गेले आठ दिवस माझ्या डोक्यात पाणी हिंदकळतं. मान वळवली की आवाज येतो. कॅन अर्धा भरून डिकीत टाकला आणि गाडी वळवली तर येतो, अगदी तोच. उठून बसलं की डोकं फुटायला येतं, आडवं झालं की थांबतं. दिपेशला सांगितलं, तो म्हणाला, बाबा, तुम्हाला कायम काहीतरी ऐकू येत असतं. तुळसाने निदान माझ्या डोक्याला कान लावून बघितला. म्हणाली, "मना त काय आयकू येत नाय. डोकं गरम हाय, तवढंच."

दौलत, अकरा वर्षं तू माझ्या मागे होतास. सकाळी डोंबिवलीत बसमध्ये बेचाळीस कामगार भरायचे आणि माजिवड्याच्या पुढे कारखान्याच्या दारात उतरवायचे. मी पुढे स्टिअरिंगवर, तू हजेरीची वही घेऊन शेवटच्या सीटवर. तू पत्र्यावर एक थाप मारलीस की थांब, दोन मारल्यास की चल. यापलीकडे आपल्याला बोलायची फारशी गरज पडली नाही.

२००६ साली डाव्या मागच्या चाकातून आवाज येतो म्हणून मी शिळफाट्याला गाडी उभी केली. महिपतशेठने तुला विचारलं. तू म्हणालास, मला काही ऐकू आलं नाही. मला घरी बसवलं. पुढे त्या चाकाचं काय झालं ते तुला माहीत आहे, तू गाडीत होतास. ते आता उकरत नाही.

मला एकच विचारायचं आहे. तो एक दिवस सोड. बाकी अकरा वर्षांत मी आवाज येतो म्हणालो आणि आवाज नव्हता, असं कधी झालं का? हो किंवा नाही, एवढं लिही. घरात दाखवायला मला एक माणूस हवा आहे.

नाथा


माजिवडा
३१ जानेवारी २०२५

नाथा,

तुझे पत्र काल पोहोचले. अक्षर ओळखले. तब्येतीचे वाचून वाईट वाटले. अडुसष्टाव्या वर्षी शिडी चढू नये, हे तुला कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

हो किंवा नाही असे उत्तर देणे अवघड आहे. मी मागे बसायचो. गाडीत बेचाळीस माणसे बोलत असत, त्यातली निम्मी रात्रपाळीची झोप घोरून पुरी करत. इंजिनाचा आवाज वेगळाच. अशा परिस्थितीत कोणाला काय ऐकू आले, हे एकोणीस वर्षांनी छातीठोकपणे सांगणे मला बरोबर वाटत नाही. त्या वेळी मी जे सांगितले ते सांगितले. त्याची नोंद आहे.

तुझे पत्र मी आमच्या विमलाबाईंना वाचून दाखवले, म्हणजे तब्येतीचा भाग. तिच्या मते वायू वर चढला की असे होते. तिने ओवा आणि काळे मीठ कोमट पाण्यातून घ्यायला सांगितले आहे. तिच्या माहेरी हा उपाय सगळ्याच आजारांवर करतात.

डॉक्टरांनी फुगे सांगितले आहेत, तर ते सोडू नकोस. अंगात ताकद आली की डोकेही थांबेल. या वयात कान वाजतात. माझेही वाजतात, मी लक्ष देत नाही.

दिपेश आणि तुळसावहिनींना नमस्कार.

दौलत


ठाकुर्ली
४ फेब्रुवारी २०२५

दौलत,

हो किंवा नाही विचारलं होतं. तू ओवा पाठवलास.

ओवा घेतला. पोट साफ झालं, त्याबद्दल विमलाबाईंचे आभार मान. डोक्याला त्याचं काही कळलेलं नाही.

फुगे सोडू नकोस म्हणालास, म्हणून वाढवले. आता साठ होतात. शेजारच्या हळदीला मांडव सजवायला आमच्याकडून दोन पोती फुगे नेले. लोकांनी चौकशी केली की कुठून आणले, तर दिपेशने सांगितलं, घरचेच आहेत. फुगवताना जोर लागला की पाठीत काहीतरी सरकल्यासारखं होतं, आणि मग डोक्यात बुडबुडे वर जातात. खोकलं तरी तेच.

दिपेशने परवा मला पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला. म्हणाले, फुप्फुस छान फुललंय, तळाला थोडं पाणी आहे ते असतंच. मी म्हणालो, छातीबद्दल माझी तक्रार नाही, आवाज वरून येतो. डॉक्टरांनी दिपेशकडे बघितलं, दिपेशने डॉक्टरांकडे. मग त्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मोठं पडणं झालं की माणूस घाबरतो म्हणे. मी चोवीस वर्षं घाट चढवला आहे.

तर मी माझं मीच तपासलं, गाडी तपासतात तसं. उभा राहिलो की वीस आकडे मोजेपर्यंत डोकं ठीक असतं. एकविसाव्याला मागून दुखायला लागतं, तीसपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी. सपाट निजलो, उशीसुद्धा काढली, की दहा मिनिटांत बंद. आवाज फक्त मान वळवताना. सरळ बघत बसलो तर येत नाही. भासाला एवढी शिस्त नसते.

त्या चाकाचंही असंच होतं. सरळ रस्त्याला गप्प, उजवं वळण घेतलं की कटकट. फोरमन गाडी गॅरेजातल्या गॅरेजात पुढेमागे करून बघायचा आणि म्हणायचा, कुठे आहे आवाज. शिळफाट्याला मी ब्रेक दाबला तेव्हा तू मागून दोन थापा मारल्यास. चल म्हणून. मी गेलो नाही. सगळ्या कामगारांचा अर्धा दिवस बुडाला आणि त्यातल्या एकानेही मला नंतर ओळख दाखवली नाही.

हे उकरणार नव्हतो. उकरलं गेलं. आडवा होऊन लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

नाथा


माजिवडा
७ फेब्रुवारी २०२५

नाथा,

हे पत्र पोस्टात न टाकता ऋतिकाच्या ऑफिसात नेऊन देत आहे. लगेच वाच.

फुगे आजपासून बंद. एकही नाही. मी सोडू नकोस म्हणालो होतो, ती माझी चूक झाली.

काल जेवताना तुझे पत्र विनिताला वाचून दाखवले. माझी मुलगी. तू बघितलीस तेव्हा दोन वेण्या घालायची, आता खोपटला एका स्कॅन सेंटरमध्ये काम करते. मी तिला गंमत म्हणून फुग्यांचे वाचत होतो. तू वीस आकडे मोजतोस ते ऐकल्यावर तिने हातातला घास खाली ठेवला आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, बरगड्या कुठे मोडल्या, पाठीत मणक्याजवळ का? ते मला सांगता आले नाही. ती म्हणाली, उठल्यावर दुखते आणि निजल्यावर थांबते, तर ते मनाचे नाही. डोक्याचा आणि पाठीचा स्कॅन आधी करा, बाकी सगळे नंतर. तिच्या साहेबांशी ती बोलून ठेवते आहे.

तोपर्यंत सपाट निजून राहा. खोकला दाबू नकोस पण काढूही नकोस, असे ती म्हणते. हे कसे करायचे ते तिने सांगितले नाही. नाक जोरात शिंकरायचे नाही, संडासला जोर लावायचा नाही, वजन उचलायचे नाही.

मी दिपेशला फोन केला होता. तो बघू म्हणाला.

दौलत


ठाकुर्ली
९ फेब्रुवारी २०२५

दौलत,

गाडी शिळफाट्याला उभी केली आहे. सगळे खाली उतरले, कोणी बोलत नाही. माझ्या सीटखाली पाणी साचलंय, ते कोणी सांडलं विचार. महिपतशेठला सांग, चावी गाडीलाच आहे. वहीत लिहायचं आहे पण वही वर ठेवली आहे आणि मला उठून बसता येत नाही. डावीकडे वाजतंय. तू थाप मारू नकोस. एक मार. दोन नको. मी

काका, मी ऋतिका. आजोबांनी हे आज दुपारी लिहिलं, पुढचं लिहिता लिहिता झोपले. उठवलं तर मला विचारलं, तू कुठल्या खात्यात कामाला, तुझा नंबर यादीत नाही. आजीला मात्र ओळखतात.

तुमचं परवाचं पत्र मी पप्पांना दाखवलं. तुम्ही फोनवर त्यांच्याशी काय बोललात ते मला आज कळलं. ते तुम्ही आजोबांना लिहिलं नाहीत. पप्पा तुम्हाला म्हणाले, "काका, बाबांना आवाज येतातच. तुम्हीच तर तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलेलंत, आवाज नव्हता म्हणून." आमच्या घरी हे मी लहानपणापासून ऐकत आले. आजोबा काही बोलले की कोणीतरी म्हणणारच, दौलतकाकांना विचारा. मला वाटायचं तुम्ही कोणी मोठे डॉक्टर आहात.

पप्पा वाईट नाहीत. आजोबा पडल्यापासून ते रोज रात्री त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर झोपतात. पण उद्या ते आजोबांना मनाच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत, बसवून, रिक्षाने. म्हणून हे पत्र मी आजच माजिवड्याला आणून देतेय, तुम्ही त्यांना काहीतरी सांगा. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात, हीच तर अडचण आहे.

ऋतिका


माजिवडा
१० फेब्रुवारी २०२५, पहाटे

चि. दिपेश,

हा माझा लेखी जबाब आहे. तो घेऊन मी स्वतः तुझ्या दारात आलो आहे आणि तू वाचेपर्यंत खाली उभा राहणार आहे. तोंडाने सांगायचा प्रयत्न मी फोनवर केला होता, पण तू माझेच वाक्य मला ऐकवलेस आणि मी फोन ठेवून दिला.

२००६ साली तुझ्या वडिलांनी शिळफाट्याला गाडी उभी केली त्या दिवशी आवाज होता. मला तो ऐकू येत होता. माझी सीट शेवटची, डावीकडची, बरोबर चाकाच्या वर. आवाज नुसता ऐकू येत नव्हता, बुडाला लागत होता. त्याच्या आधी चार दिवस मी मांडीवर हजेरीची वही धरायचो तेव्हा उजव्या वळणाला पेन उडायचे. त्या आठवड्याच्या हजेरीत सगळ्या खुणा वाकड्या आहेत.

नाथाने ब्रेक दाबल्यावर मी दोन थापा मारल्या, कारण हजेरीची यादी माझ्या हातात होती आणि उशिराचा जाब मलाच विचारला गेला असता. दुपारी महिपतशेठने विचारले, तुला ऐकू आले का? त्यांनी मला आदल्या महिन्यात सुपरवायझर करतो म्हणून सांगितले होते. नाथा तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलेही नाही, त्याला माझ्या उत्तराची एवढी खात्री होती. मी म्हणालो, मला काही ऐकू आले नाही. तेव्हा त्याने बघितले.

वीस दिवसांनी कल्याण फाट्याजवळ ते चाक निघाले आणि गाडीच्या आधी नाक्यावर पोचले. कोणाला लागले नाही, एक चहाची टपरी आडवी झाली. महिपतशेठ म्हणाले, योगायोग. मी तेही लिहून घेतले. सुपरवायझर झालो. चार वर्षांत कारखाना बंद पडला आणि मी खुर्चीसकट घरी आलो.

नाथाकडे येऊन हे सांगायचे मी दर वर्षी ठरवायचो. दर वर्षी वाटायचे, आता फारच उशीर झाला, पुढच्या वर्षी याहून जास्त वाटेल हे लक्षात यायचे नाही. मला त्याची लाज वाटते. अजून एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला वाटायचे, माझ्या खोट्याने त्याची नोकरी गेली आणि विषय तिथे संपला. ते खोटे तुमच्या घरात एकोणीस वर्षे राहिले आणि त्याचे बोलणे खोटे पाडायला रोज उपयोगी पडले, हे मला काल ऋतिकाच्या पत्राने कळले.

तर लिहून देतो. अकरा वर्षांत नाथा आवाज येतो म्हणाला आणि आवाज नव्हता, असे एकदाही झाले नाही. तो पाणी म्हणतो आहे तर पाणी आहे. त्याला रिक्षात बसवू नकोस. मी ॲम्ब्युलन्स सांगितली आहे, साडेसातला येईल. त्याला आडवाच न्यायचा. विनिता सेंटरवर जाऊन थांबली आहे.

दौलत


ठाकुर्ली
१३ फेब्रुवारी २०२५

दौलतकाका,

तुम्ही त्या दिवशी स्कॅन होईपर्यंत बाहेर थांबलात आणि मग न सांगता गेलात. म्हणून हे लिहितोय. मला पत्रं लिहायची सवय नाही, ऋतिका शुद्धलेखन बघतेय.

विनिताताईने स्क्रीनवर मला दाखवलं. मेंदूभोवती जिथे काही नसायला पाहिजे तिथे काळे डाग होते. ती म्हणाली, काळं दिसतं ती हवा. पाठीच्या कण्यातसुद्धा वरपासून खालपर्यंत हवाच. तिच्या साहेबांनी स्वतः मोठ्या हॉस्पिटलला फोन करून आम्हाला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. बरगडी जिथे मणक्याला लागते तिथेच मोडलेली आणि तिच्या टोकाने मणक्याच्या आतल्या पाण्याच्या पिशवीला भोक पाडलं. त्यातून मणक्याचं पाणी छातीत गळत होतं, आणि छातीतली हवा त्याच भोकातून वर डोक्यात चढत होती. दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू. आधी नळीने हवा ओढली तेव्हा पाणी जास्त गळलं, आणि नंतर जोर लावला की हवा वर. मी विचारलं, जोर म्हणजे कसला? ते म्हणाले, खोकला, कुंथणं, फुगे. हळदीला ते घरचेच आहेत असं मीच सांगितलं होतं.

विमलाकाकूंना सांगा, वायू वर चढला हे त्यांचं बरोबर निघालं. वाट तेवढी वेगळी होती.

आता बाबा उशीशिवाय सपाट आहेत, तोंडाला ऑक्सिजन. त्याने हवा हळूहळू विरते म्हणतात. काल संध्याकाळी ऋतिकाला नावाने हाक मारली. भोक मात्र आपोआप बुजणार नाही, ते पाठीतलाच मांसाचा तुकडा लावून शिवणार. सतरा तारखेला सकाळी ऑपरेशन. भोक अगदी कण्याला लागून आहे, त्यामुळे पाय जाऊ शकतात, आणि माणूसही जाऊ शकतो, असं सांगून त्यांनी माझ्या सह्या घेतल्या. बाबांना हसवायचं नाही, रडवायचं नाही, खोकला येईल असं काही करायचं नाही. म्हणून तुमचा जबाब अजून त्यांना दाखवलेला नाही.

आईने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "एकोनीस वरसां लागली. पन लिवला त्यानी." घडी घालून पेटीत ठेवला, सातबाऱ्याच्या खाली.

तुमच्यावर मला राग आहे. माझ्यावर जास्त आहे. टाकी गळत होती हे मला माहीत होतं.

दिपेश


ठाकुर्ली
९ मार्च २०२५

दौलत,

बसून लिहितोय. शंभर आकडे मोजून झाले, डोकं जागेवर आहे. शंभराच्या पुढे मोजायचा कंटाळा आला.

पाय दोन्ही चालतात. पाठीत वीतभर शिवण आहे. डोक्यातलं पाणी बंद झालं. पहिल्या दिवशी इतकं शांत वाटलं की झोप लागेना, मग तुळसा घोरायला लागली तेव्हा बरं वाटलं. परवा डॉक्टरांनी नवा स्कॅन दाखवला. काळं काही राहिलेलं नाही. त्यांनी माझ्या सगळ्या फायली बघितल्या आणि विचारलं, एकविसाव्या आकड्याला दुखतं हे कोणी शोधलं? दिपेश म्हणाला, बाबांनी. हे तो चारचौघांत म्हणाला.

परवा त्याने सकाळी चहा पिता पिता विचारलं, बाबा, फ्रीजमधून आवाज येतोय का? मी म्हणालो, येतोय. त्याने माणूस बोलावला. फ्रीजला काही झालेलं नव्हतं, तो त्याचा नेहमीचाच आवाज होता, पण मी माणसाला येऊ दिलं. त्याला थोडे दिवस हवेत.

तुझा जबाब तुळसाने काल पेटीतून काढून दिला. वाचला. तू मागे चाकावर बसायचास हे मला काय नवीन होतं? तुला ऐकू येत होतं हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मला आवाजाचं दुःख कधी नव्हतं. तुझ्याकडे बघितलं आणि तू वहीत बघत होतास, त्याचं होतं. ते फार दिवस दुखलं, उभ्याने आणि आडव्यानेही. एकोणीस वर्षं तुझ्या लेखी उत्तराची वाट बघत होतो, असं आता म्हणायला हरकत नाही. हजेरीच्या खुणा वाकड्या आल्या होत्या हे मात्र माहीत नव्हतं. ते वाचून मी हसलो. आता हसायची परवानगी आहे.

एक शंका राहिली आहे. सतरा तारखेला मला ऑपरेशनला आत नेत होते. आडवा होतो, मान पट्ट्याने बांधलेली, वरचे दिवे सोडून काही दिसत नव्हतं. मी घाबरलो होतो. चोवीस वर्षं घाट चढवला, पण गाडी दुसऱ्याच्या हातात होती. दाराशी ट्रॉली थांबली. आणि मागून, माझ्या पायांच्या बाजूने, पत्र्यावर दोन थापा पडल्या. मग ट्रॉली आत गेली आणि मला भीती वाटली नाही.

शुद्धीवर आल्यावर मी दिपेशला विचारलं, दाराशी कोण होतं? तो म्हणाला, कोणी नाही. तुळसा म्हणाली, मी देवाचं नाव घेत होते, माझं लक्ष नव्हतं. नर्स म्हणाली, औषधाने असे भास होतात.

म्हणून तुला लेखी विचारतो. तुला काही ऐकू आलं का?

नाथा


माजिवडा
१२ मार्च २०२५

नाथा,

१७ फेब्रुवारी रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ट्रॉलीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. मला स्पष्ट ऐकू आल्या.

दौलत